बी अक्षराची गाणी

११ जून

दादा,

वर नुसतं 'दादा' लिहिलंय, ते मुद्दाम. नऊ वर्षांनी पत्र लिहिताना 'प्रिय' लिहायला हात वळेना, आणि खोटं लिहायची मला सवय नाही.

फोन केला असता. पण फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतोस, आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. म्हणून मावशीकडून पत्ता घेतला.

बाबांना मार्चमध्ये झटका आला, एवढं मावशीनं तुला कळवलंय. पुढचं तिला नीट माहीत नाही, ते ऐक. उजवा हात आता खांद्यापर्यंत उचलतो. काठी घेऊन खिडकीपर्यंत चालतात. आपण बोललेलं सगळं समजतं. बोलता मात्र येत नाही. तोंडातून एकच निघतं, 'टा'. पाणी हवं, तरी टा. पडदा ओढ, तरी टा. मी चुकीची वस्तू आणली की टा-टा-टा, आणि मग मान फिरवून बसतात. तीस वर्षं हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस, घरात शिरला की आपण सगळे आपोआप हळू बोलायला लागायचो, त्याची ही गत.

आठवड्यातून दोनदा थेरपीच्या बाई येतात, बोलायला शिकवणाऱ्या. दोन महिने त्या 'आ' करा, 'ऊ' करा म्हणत होत्या आणि बाबा त्यांच्याकडे असे बघायचे, जणू नवशिक्यानं बेसूर फुंकलंय. मागच्या मंगळवारी बाईंचा फोन वाजला. कुठल्याशा इंग्रजी गाण्याची धून होती. बाई फोन शोधेपर्यंत बाबांनी त्या गाण्याची आख्खी ओळ म्हटली. शब्दांसकट. बाईंच्या हातातून पिशवी पडली.

बाई म्हणाल्या, असं होतं. बोलणं डोक्यात जिथे असतं तिथे इजा झालीय, गाणं दुसरीकडे असतं, ते वाचलं. आता गाण्यांतूनच शब्द बाहेर काढायचे. एक अक्षर धरायचं, ओठ मिटून होणारं, म्हणजे सोपं. त्यांनी इंग्रजी बी सांगितलं. ज्या गाण्यांची नावं बीपासून सुरू होतात अशी, बाबांना पाठ असलेली गाणी जमवा म्हणाल्या.

मी जमवायची. मी, जिला एक इंग्रजी गाणं धड येत नाही. कसं येणार? तुझी शाळा इंग्रजी, माझी घराजवळची. दुपारी बाबा हॉटेलवर जाण्याआधी आतल्या खोलीत तुला गाणी शिकवायचे, आणि मी दारात उभी राहिले की म्हणायचे, "बेबीला काय करायचंय त्यातलं," आणि दार लोटून घ्यायचे. आई असताना ती मला स्वयंपाकघरात बोलवायची, जणू तिथेच माझं काहीतरी महत्त्वाचं काम अडलंय.

तर ती गाणी तुझ्याकडे आहेत. बीची जेवढी असतील तेवढी पाठव. ये म्हणत नाही. आलास तर चालेल असंही म्हणत नाही. गाणी पाठव.

बेबी


२९ जून

दादा,

तुझी यादी मोबाइलवर आली. चारशे बारा गाणी. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. बाबा कसे आहेत, हा प्रश्नसुद्धा नाही. ही यादी तू केलेली नाहीस हे कळायला मला इंग्रजी शाळेत जावं लागलं नाही. कुठल्यातरी मशीनला सांगितलंस, त्यानं दोन मिनिटांत ओकली, तू माझ्या अंगावर टाकलीस आणि कामाला गेलास.

तरी मी वाचली. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, सुट्टी घेऊन. एकेका नावाखाली बोट धरून बाबांना वाचून दाखवत होते. पहिल्या पाचाला ते उत्सुक होते. दहाव्याला कंटाळले. तिसाव्याला भिंतीकडे तोंड केलं. मग ड्रमवाल्या काकांना दाखवली, तर ते म्हणाले, यातली निम्मी गाणी जन्मली तेव्हा आमचा बँड मोडला होता. बाबांनी कुठल्या काळातली गाणी वाजवली हे तुला माहीत नव्हतं का? सगळ्या जगात ते तुलाच माहीत होतं.

ड्रमवाले काका आता रोज चारला येतात. त्यांचे गुडघे गेलेत, दोन जिने चढायला पंधरा मिनिटं लागतात, तरी येतात. त्यांना गाण्यांची नावं आठवत नाहीत. मांडीवर ठेका धरतात, चाल गुणगुणतात, पहिली ओळ सांगतात. आणि इथे मला शोध लागला की इंग्रजीत गाण्याची पहिली ओळ एक आणि नाव भलतंच. गाणं सुरू होतं पावसानं आणि नाव असतं होडीचं. मी त्या पहिल्या ओळींवरून नावं कुठे शोधायची?

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एका दुकानात गेले. तो मालक सगळं गायकांच्या नावानं लावतो. अक्षराप्रमाणे गाणी हवीत म्हटल्यावर म्हणाला, "बाई, अशी कुणी गाणी मागतं का?" मी म्हटलं, मी मागतेय. दोन शनिवार मान वाकडी करून एकेक कव्हर बाहेर काढलं, मागची बारीक अक्षरं वाचली. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते, बारीक बघायची सवय आहे, म्हणून निभावलं. बी दिसला की वहीत लिहायचं, घरी काकांना विचारायचं. काका मान हलवायचे किंवा हात झटकायचे. अशी एकोणीस मिळाली. घंटेचं एक, पक्ष्याचं एक, होडीचं एक, निळ्या रंगाची तीन. निरोपाची चार. ही माणसं गाण्यात इतका निरोप का घेतात कळत नाही. निरोप घ्यायचा तर घ्यावा आणि जावं, तुझ्यासारखं.

आणि उरलेल्या नऊंच्या नावांत एकच शब्द. बेबी. बेबी असं, बेबी तसं, बेबी ये, बेबी जाऊ नको. वहीत लिहिताना मलाच लाज वाटायला लागली. कुणाला वाटेल मी माझंच नाव गिरवत बसलेय.

एकोणीस. तुझ्या चारशे बारापेक्षा जड आहेत.

बेबी


२१ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक. मी तुला सांगण्यासाठी लिहीत नाहीये, मला कुणालातरी सांगायचंय म्हणून लिहितेय, आणि काका रडतात, मावशी मध्ये बोलते.

शुक्रवारी काका आले. काकांनी मांडीवर ठेका धरला आणि पहिली ओळ म्हटली. बाबा दुसऱ्या ओळीला आत आले. आवाज फाटका, पण सूर नेमका. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. आणि बाबांनी हाक मारली. "बेबी."

मी "ओ" म्हटलं. हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर आले. चार महिन्यांनी हाक आली होती. काकांनी ठेका थांबवला आणि खाली बघितलं. बाबा डोळे मिटून पुढची ओळ म्हणत होते. ते गाण्यातलं होतं.

मी हसले. काय करणार? पातेल्यातलं पाणी जमिनीवर सांडलं होतं ते पुसलं.

मंगळवारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फसू नका हं. गाण्यात आलेला शब्द म्हणजे हाक नव्हे. गाणं चालू नसताना आला तरच तो त्यांचा." चांगल्या आहेत बाई, पण हे सांगताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याचा मला राग आला. मी काही अनोळखी हाकेला ओ देणारी वेडी नाही. जन्मापासून माझं हेच नाव. शाळेतलं नाव तर बाबांनी कधी उच्चारलंसुद्धा नाही.

मग मी परीक्षा घ्यायला लागले. गाणं बेबीच्या अलीकडे थांबवायचं, ते पुढचा शब्द बरोबर भरतात. दहातून दहा वेळा. मग गाणं बंद करायचं, समोर खुर्ची ओढायची, डोळ्यांत डोळे घालून विचारायचं, मी कोण? बाबा तोंड उघडतात, ओठ मिटतात, मला दिसतं की ब येतोय, आणि येतं टा. मी पुन्हा विचारते. पुन्हा टा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी काठी आपटली.

ज्यानं कुणी ही गाणी लिहिली त्याला घरात माणसं नव्हती का? सरसकट सगळ्यांना बेबी. प्रेयसीला बेबी, सोडून गेलेलीला बेबी, अजून भेटायची आहे तिलाही बेबी. आणि जी रोज सकाळी त्यांची दाढी करते, तिला टा.

बेबी


१४ ऑगस्ट

दादा,

या पत्राचा फोटो काढून तुला पाठवतेय. टपालाची वाट बघायला वेळ नाही. पूर्ण वाच, मधलं गाळू नकोस.

बी बरा बसल्यावर बाईंनी सी घ्यायला सांगितला. सी हे अक्षर म्हणजे शुद्ध लबाडी आहे. एका नावात त्याचा क, दुसऱ्यात स, तिसऱ्यात चक्क च. माझ्या वहीत गाणी एकाखाली एक शिस्तीत उभी आणि म्हणायला गेलं की तीन दिशांना तोंडं. बाबा अडखळायचे, चिडायचे. शेवटी मी क वाली गाणी तेवढी ठेवली, आठ. दहा दिवस तीच चालली.

गेल्या गुरुवारी सकाळी बाबा खिडकीत बसले होते. गाणं नाही, काका नाहीत, रेडिओसुद्धा बंद. मी त्यांच्या पावाला लोणी लावत होते. समोरच्या इमारतीच्या दारात कुणी तरुण माणूस दोन बॅगा उतरवत होता. बाबा पुढे वाकले आणि म्हणाले, "कप्तान."

स्वच्छ. क सुद्धा, प सुद्धा, त सुद्धा. तुला लहानपणापासून ते याच नावानं हाक मारायचे, ते. मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "कप्तान." आणि हसले. त्यांना स्वतःला कळलं होतं की शब्द आला. माझ्याकडून शाबासकी हवी होती.

मी शाबास म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

दोन महिने, दादा. दुकानांत मान मोडली, वह्या भरल्या, काकांना जिने चढायला लावले. बीची एकोणीस गाणी, त्यांत नऊ बेबी. आणि गाण्याबाहेर पहिला शब्द आला तो तुझा. ज्यानं मशीनची यादी पाठवली त्याचा. न्याय म्हणून काही चीज असते की नाही?

त्या दिवसापासून कुणी जिन्यात वाजलं की 'कप्तान'. फोन वाजला की 'कप्तान'. माझ्याकडे बघून, प्रश्नासारखं. तू फोन केलास का, असं ते विचारत होते, आणि मला ते कळत होतं, आणि मी न कळल्यासारखं करत होते.

आता ते लिहिते, जे लिहायचं नव्हतं.

तू फोन केला होतास. नऊ वर्षांत दोनदा. दोन्ही वेळा मी उचलला. पहिल्यांदा तू म्हणालास, बाबांना दे. मी म्हटलं, झोपलेत. ते समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. दुसऱ्यांदा तू रडत होतास. मी म्हटलं, त्यांना तुझ्याशी बोलायचं नाही, पुन्हा करू नकोस. त्यांना मी विचारलंच नव्हतं. "कुणाचा होता?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दुकानातून. वर दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी त्यांना ऐकवायचे की बघा, कप्तानाला आठवण तरी आहे का.

का केलं विचारशील. हॉटेलनं बँड काढून छतात स्पीकर बसवले आणि ते बसवणारा इंजिनिअर तू निघालास. ते तू घरी सांगितलं नाहीस, बाबांना तिथल्या वॉचमनकडून कळलं. ते तुला तोंड दाखवू नकोस म्हणाले. रागात माणूस बोलतो. तू मात्र महिन्याभरात देश सोडून गेलास. तुम्ही दोघं भांडलात आणि घर माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. ट्रम्पेटला हात न लावणारे, दिवसदिवस न बोलणारे बाबा माझ्या वाट्याला आले. मला वाटलं, मी इथे राहिलेय, तर निदान ते तरी पूर्ण माझे असावेत. दोन फोनांनी तू ते परत नेशील असं वाटलं.

सोमवारी मी त्यांना हे सांगितलं. सगळं. खुर्ची ओढून, समोर बसून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मी त्यांचा हात धरला होता तो त्यांनी झटकला. दुखऱ्या हातानं, इतक्या जोरात की बाईंना कौतुक वाटलं असतं. तेव्हापासून गाणं नाही, कप्तान नाही, टासुद्धा नाही. काका आले, तासभर मांडीवर ठेका धरून परत गेले. बाई म्हणतात, असंच राहिलं तर आलेलंही जाईल.

हे मी केलंय. तुझ्यावर ढकलायला जागा शोधली, सापडली नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला, आमच्या पाचला, फोन कर. तुझ्याकडे किती वाजतील ते तू बघ. या वेळी मी बाबांच्याच कानाला लावते.

बेबी


१८ ऑगस्ट

दादा,

केलास, पाचला दोन मिनिटं कमी असताना. मानलं.

तुला फक्त ऐकू आलं, मला दिसत होतं, म्हणून तू काय बघितलं नाहीस ते लिहिते. तू "बाबा" म्हणालास तेव्हा मी स्पीकर लावून समोर धरलेल्या फोनकडे त्यांनी असं बघितलं, जणू त्यात माणूस मावतो कसा. मग तू गप्प. ते गप्प. दोन पुरुष फोनवर गप्प आणि मी फोन धरून उभी, माझा हात भरून आला तरी तुमचं काही सुरू होईना. मी आता ओरडणार होते, तेवढ्यात तू गायला लागलास.

ते गाणं माझ्या वहीत नव्हतं. बीत नाही, सीत नाही. कुठल्या अक्षराचं आहे तेही मला सांगता येणार नाही. पहिल्या कडव्याला बाबा नुसते ऐकत होते. मग तू वरच्या सुराला गेलास आणि तुझा आवाज चिरकला, आणि बाबांनी तो सूर उचलून घेतला. तिथून शेवटपर्यंत दोघं. त्यांच्या गालांवरून, हनुवटीवरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही पुसलं नाही. फोन सोडता येत नव्हता.

आता नीट ऐक. गाण्याची शेवटची ओळ संपली, तू दम घेत होतास, आणि बाबा म्हणाले, "बेबी." डोळे मिटलेले होते. तू लगेच "हॅलो, हॅलो" करायला लागलास आणि मग फोन तुटला. नंतर ते दमून झोपले आणि आज सकाळपासून काही बोललेले नाहीत.

ते गाण्यातलं होतं का? त्या गाण्यात हा शब्द येतो का, कुठेही, शेवटी, पुन्हा पुन्हा म्हणायच्या ओळीत? मला विचारायला दुसरं कुणी नाही. काकांना ती चाल म्हणून दाखवली, तर असलं गाणं बँडनं वाजवलंच नाही म्हणाले. तुम्हा दोघांचंच आहे ते. मला खरं सांग. माझी दया येऊन खोटं लिहू नकोस. या घरात खोटं मी बोलले तेवढं पुरे झालं.

बेबी


३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं, चार पानं, आणि अक्षर अजून तितकंच घाणेरडं. सगळं गाणं तू मला मराठीत उतरवून दिलंस, ओळीखाली ओळ. मी तीनदा तपासलं. जहाज आहे, बंदर आहे, वाट बघणारी म्हातारी आहे. बेबी कुठेही नाही.

माफी मागितलीस तीही वाचली. ती ठेवून घेतलीय. मला तुझी मागायची आहे, ती तोंडी मागेन, कागदावर फार सोपी पडते. तू बावीस तारखेला येतोयस हे बाबांना सांगितलं. पत्र फोडल्यावर पहिलं तेच सांगितलं. त्यांनी कॅलेंडर मागितलं, आता रोज सकाळी त्यावर बोट ठेवून बसतात.

माझा हात अजून झटकतात, पण थोड्या वेळानं स्वतःच शोधून धरतात.

आणि शब्द आलेत. पंचवीस-तीस झाले असतील. 'पाणी' आलंय, 'नको' तर फारच आलंय. आणि बेबी. बाईंनी दोनदा तपासलं, गाणं नाही, रेडिओ नाही, शब्द त्यांचा आहे म्हणाल्या. दिवसातून चाळीस वेळा बेबी. चष्म्यासाठी बेबी, उशीसाठी बेबी, कधी कधी नुसतंच, मी येऊन उभी राहिले की काय हवं होतं ते त्यांनाही आठवत नाही.

तुला सांगते आणि हे त्यांना सांगू नकोस, पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. ऐकू येतं, पण देत नाही. इतके महिने तरसवलंय मला, दोनदा हाक मारू दे.

आता एक झाली. थांब. दुसरी आली, जाते.

बेबी